दार कोणी बंद केले? जिमखान्यांचा इतिहास आणि बाळू पालवणकर

बाळू पालवणकरांचे नाव निघाले की दोन ठरलेली उत्तरे ऐकू येतात. पहिले सवर्ण मित्रांचे: "बघा, क्रिकेटमध्ये कुठे होती जात? चर्मकार समाजाचा माणूस शंभर वर्षांपूर्वी हिंदू संघात खेळत होता." दुसरे आपल्यातल्याच काही कार्यकर्त्यांचे: "सोडा हो, बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसच्या तिकिटावर उभा राहिलेला माणूस तो." दोन्ही उत्तरे एका वाक्यात माणूस निकालात काढतात. आणि दोन्हींतून एक गोष्ट सुटते, ती म्हणजे जिमखाना. बाळूंचे आयुष्य ज्या संस्थेच्या आवारात गेले, आणि बरेचदा तिच्या दाराबाहेर गेले, ती संस्था नेमकी काय होती हे समजून घेतल्याशिवाय ना १९०६ चा सामना समजतो, ना १९३७ ची निवडणूक.

म्हणून आधी क्लबबद्दल.

इंग्रजांनी मुंबईत भायखळा क्लब काढला १८३३ साली. यॉट क्लब १८४६ चा, बॉम्बे जिमखाना १८७५ चा. पुण्यात लष्कर भागात साहेबांचा पूना जिमखाना होता. या ठिकाणी साहेब खेळायचा, प्यायचा, जेवायचा, आणि सरकारी कामांतली अर्धी बोलणीही तिथेच व्हायची. कलेक्टर, न्यायाधीश, लष्करी अधिकारी, बँकेचा आणि पेढीचा साहेब हे सगळे संध्याकाळी एका छताखाली. समाजशास्त्रात आम्हाला 'सामाजिक भांडवल' शिकवतात. त्याचा पाठ इथे रोज संध्याकाळी चालत असे. नेटिव्ह माणसाला आत यायची मुभा होती, पण ट्रे हातात असेल तर.

सभासद होण्याची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका सभासदाने नाव सुचवायचे, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, मग ते नाव फळ्यावर लागायचे. त्यानंतर गुप्त मतदान. पेटीत पांढरी गोटी टाकली तर होकार, काळी टाकली तर नकार. ठरावीक संख्येहून जास्त काळ्या गोट्या पडल्या की नाव बाद. कारण सांगायचे नाही, विचारायचेही नाही. कोणी टाकली तेही कळायचे नाही. बहिष्काराची इतकी सभ्य पद्धत दुसरी सापडणार नाही. ही काळी गोटी पुढे पुन्हा येणार आहे.

दाराबाहेर ठेवलेल्या देशी उच्चवर्गीयांना हे झोंबले, आणि ते साहजिकच होते. पहिली उघड लढाई झाली ती मैदानावरून. बॉम्बे जिमखान्याने एस्प्लनेडवरची उत्तम जमीन स्वतःसाठी राखून घेतली होती. उरलेल्या मैदानात पारशी, हिंदू, मुसलमान पोरे क्रिकेट खेळत. गोऱ्यांची पोलोची घोडी त्याच जागेवर धावायची आणि टापांनी खेळपट्ट्यांची माती व्हायची. शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटपटूने हा प्रश्न लावून धरला. १८८१ साली शेकडो सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे गेला. एकदा निकाल देशी खेळाडूंच्या बाजूने लागला, मग साहेबांनी वजन वापरून तो फिरवला. मूठभर पोलोवाल्यांच्या करमणुकीपुढे शेकडो पोरांचा खेळ हलका ठरला. सोराबजींनी पुढे १८९७ मध्ये या झगड्याची हकिगत पुस्तक म्हणून छापली. भारतीय क्रिकेटवरच्या पहिल्या पुस्तकांपैकी एक जमिनीच्या हक्काबद्दल आहे, हे आपल्या चळवळीतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

शेवटी सरकारने तोडगा काढला. तो म्हणजे प्रत्येक धर्माला समुद्रकाठी एकेक तुकडा. केनेडी सी फेसवर, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हला, पारशी, मुसलमान आणि हिंदू जिमखाने शेजारी शेजारी उभे राहिले. १८९४ चा हिंदू जिमखाना परमानंददास जीवनदास यांच्या नावावरून पी. जे. हिंदू जिमखाना झाला. तिन्ही आजही तिथे आहेत. लोकलने चर्नी रोडवरून जाताना दिसतात.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीच्या उगमावर जो निबंध वाचला, त्यातला एक विचार मला या तीन जिमखान्यांकडे पाहताना हमखास आठवतो. जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग. वरच्याने आधी दार लावून घेतले. खालच्या काहींनी त्याची नक्कल करून आपापली दारे लावली, आणि उरलेल्यांना सगळीच दारे बंद मिळाली. निबंध अर्थात क्लबबद्दल नव्हता. पण मुंबईच्या किनाऱ्यावर तीसेक वर्षांत हाच प्रकार विटा-सिमेंटमध्ये उभा राहिला. गोऱ्यांनी रंगावरून दार लावले. त्याविरुद्ध अर्ज करणाऱ्यांनी दार या कल्पनेला हात लावला नाही, स्वतःचे वेगळे दार मागून घेतले. आणि हिंदूंचे तर त्याआधीच जातीवार क्लब होते. गौड सारस्वतांचा वेगळा, क्षत्रियांचा वेगळा, गुजरात्यांचा वेगळा.

आता बाळूंकडे येऊ. जन्म धारवाडचा, १८७६ चा. घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे. वडील लष्कराच्या नोकरीत, म्हणून बालपण पुण्यात. कोवळ्या वयात पारशांच्या एका क्लबात महिना तीन रुपयांवर मैदान झाडायला आणि रोलर फिरवायला लागले. तिथून १८९२ च्या सुमारास साहेबांच्या जिमखान्यात, महिना चार रुपयांवर. काम म्हणजे खेळपट्टी तयार करायची, आखायची, जाळी लावायची, टेनिस कोर्टाच्या पांढऱ्या रेघा मारायच्या. सरावाला गोलंदाज कमी पडला तेव्हा कोणी तरी पोराच्या हातात चेंडू दिला. डावखुरी फिरकी. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला फलंदाज. तो इतरांच्या आधी तासभर येऊन एकट्या बाळूंचे चेंडू खेळायचा. बाळूंनी त्या जाळीत वर्षानुवर्षे हजारो चेंडू टाकले. बॅट मात्र हातात आली नाही. त्या मैदानावर फलंदाजी हे साहेबाचे काम आणि गोलंदाजी हे नोकराचे.

हे मुद्दाम सांगतो आहे. "इंग्रजांनी आपल्याला दार उघडले" असे सरसकट बोलायची एक सवय आपल्याकडे आहे. लष्कर, शाळा, कायदा यांबाबत त्यात तथ्य आहे, आणि बाबासाहेबांनीही ते मोजूनमापून मांडले आहे. पण क्लबात साहेबाने बाळूंना दिली ती नोकरी. प्रवेश दिला नव्हता.

पुण्यातल्या हिंदू क्रिकेटपटूंना युरोपियनांना हरवायचे होते. शहरातला उत्तम गोलंदाज साहेबांच्या मैदानावर रोलर ओढतो आहे हे त्यांना दिसत होते. त्याला संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला, ब्राह्मण सभासदांत विरोध होता. अखेर घेतले. विकेटची गरज सोवळ्यापेक्षा मोठी ठरली. मग मैदानावर एकच चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरायचा. चहाची सुट्टी झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घेत. बाळूंना तो बाहेर मिळे, मातीच्या कपात, पिऊन झाला की फेकून द्यायचा. हातपाय धुवायचे तर मैदानाच्या कोपऱ्यात एक अस्पृश्य नोकर वरून पाणी घाली. जेवायला ताट वेगळे, टेबल वेगळे. गावच्या हॉटेलात बाहेर कोनाड्यात ठेवलेली वेगळी कपबशी आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिली. ती फक्त खेड्यातल्या अडाण्यांची रीत नव्हती. पुण्याच्या इंग्रजी शिकलेल्या, सुधारणेवर व्याख्याने ऐकणाऱ्या मंडळींच्या पॅव्हेलियनमध्येही ती होती.

चेंडूला विटाळ नाही आणि कपाला आहे, हा भेद ध्यानात घ्या. जो श्रम उपयोगाचा, तो स्पर्शासकट चालतो. शेतात राबलेले चालते, मेलेले ढोर ओढलेले चालते, विकेट काढलेली चालते. अडते ते सोबत बसण्यापाशी. आणि क्लब ही तर सोबत बसण्याचीच संस्था.

पुढे बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. इथेही सुरुवातीला काही सभासदांचा विरोध झालाच. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम दोघेही त्या संघात होते. देशभर आनंद झाला. सुधारकी वृत्तपत्रांनी लिहिले की बघा, जिमखान्याने चर्मकार भावांना आपल्यात घेतले, जेवायलाही सोबत बसवले, राष्ट्र घडते आहे. हा बदल खोटा नव्हता. पुण्याचा मातीचा कप ते मुंबईचे एकत्र जेवण हे अंतर खरे होते. पण ते अंतर बाळूंनी विकेट काढत काढत कापले होते. ज्याला विकेट काढता येत नाही, त्या चर्मकाराने, महाराने, मांगाने काय करायचे? याचे उत्तर त्या अग्रलेखांत नाही.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ पंधरा सामने हरला. बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले. परतल्यावर त्यांचे सत्कार झाले. आपल्या वस्त्यांतल्या पोरांना पहिल्यांदा असा एक माणूस दिसला ज्याचे नाव साहेबही घेतो आणि बामणही घेतो. तरुण भीमराव त्यांचे चाहते होते, हे विसरू नये.

तरी कर्णधारपद मिळाले नाही. १९१२ पासून चौरंगी स्पर्धा सुरू झाली: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. हिंदूंचे कर्णधार एम. डी. पै, सारस्वत ब्राह्मण. पैंचा मोठेपणा असा की त्यांनी १९१३ मध्ये स्वतःच जाहीर सांगितले, हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता. निवड समितीने ऐकून घेतले, एवढेच. १९२० साली पै आजारी पडले. आता तरी? तर समितीने बाळूंना संघातूनच वगळले आणि कर्णधार केले पुण्याच्या दि. ब. देवधरांना. देवधर उत्तम फलंदाज होते, पण अनुभवात पालवणकर बंधूंच्या मागे. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि जातीमुळे डावलले जाते आहे असे जाहीर निवेदन काढले. मूकनायक सुरू झाला तेच हे वर्ष. एकीकडे छापखान्यातून आणि दुसरीकडे मैदानावरून, अपमान मुकाट न गिळण्याची ही दोन उदाहरणे एकाच वर्षातली. बोभाटा झाला, समिती नमली. अंतिम सामन्याला पै परतले, बाळूंना उपकर्णधार केले गेले आणि काही वेळ पैंनी मैदान सोडून संघ त्यांच्या हाती दिला. आयुष्यभराच्या गोलंदाजीबद्दल एवढेच नेतृत्व वाट्याला आले, तेही उसने.

पूर्ण कर्णधार झाले ते विठ्ठल, १९२३ मध्ये. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. याच १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. या दोन घटना मी नेहमी जोडून सांगतो. मुंबईत चर्मकार कर्णधाराला खांद्यावर घेणारा समाज आणि चार वर्षांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याला हात लावला म्हणून आपल्या माणसांची डोकी फोडणारा समाज, हे दोन वेगळे समाज नव्हते. विठ्ठल पालवणकर हा अपवाद त्यांना पेलत होता. चवदार तळे हा नियम झाला असता, तो पेलवला नाही.

मधल्या काळात साहेबांचे दारही किलकिले होत होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी मुंबईत गोऱ्यांसोबत हिंदी लोकांनाही सभासदत्व देणारा विलिंग्डन क्लब काढला. वर्णभेदाविरुद्धचे मोठे पाऊल म्हणून त्याचे कौतुक आजही होते. हिंदी म्हणजे कोण? संस्थानिक, गिरणीमालक, सर आणि नाइट. त्याच सुमारास, १९१७ मध्ये, परदेशी शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. १९१८ अखेर ते मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर सहकाऱ्यांनी पिण्याच्या पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. ज्या पारशांची खेळपट्टी साहेबाच्या घोड्याने तुडवली होती, त्यांच्यातल्याच काहींच्या हातात बडोद्यात काठ्या होत्या. कोणत्याही एका समाजाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. वरून मिळालेला अपमान माणसाला खालच्यांबद्दल आपोआप शहाणा करत नाही, एवढेच यातून दिसते. उतरंड म्हणतात ती हीच.

आता १९३२. पुणे करारावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांत पी. बाळू हे नाव आहे. आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईच्या भायखळा-परळ भागातून बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसने उभे केले तेही त्यांनाच. बाबासाहेबांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५. दोन हजारांच्या फरकाने बाबासाहेब जिंकले.

याला गद्दारी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते अपुरे वाटते. बाळूंना आयुष्यात जे मिळाले ते एकेक दार ठोठावून, एकट्याने, आपल्या गुणावर आणि आतल्या कोणा चांगल्या माणसाच्या शिफारशीने मिळाले होते. कधी ग्रेग, कधी पै. त्यांच्या अनुभवाने त्यांना शिकवले की धीर धरला तर दार उघडते. बाबासाहेबांचे म्हणणे वेगळे होते. किती लायक माणसे आत घेतली हा त्यांचा प्रश्न नव्हता. आत कोणाला घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा होता. स्वतंत्र मतदारसंघाची मागणी म्हणजे नेमका तोच अधिकार. आपला प्रतिनिधी आपण निवडू. संयुक्त मतदारसंघात मात्र राखीव जागेवरच्या उमेदवाराचे नाव सुचवणारा सवर्ण, अनुमोदन देणारा सवर्ण, आणि पेटीत बहुसंख्य गोट्याही त्याच्याच. पुणे कराराने आपल्याला जागा दिल्या, पण काळी गोटी त्यांच्याच हातात ठेवली. १९३७ ला ती कमी पडली. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले आणि संविधान लिहिणारा माणूस पडला. तेव्हा ती पुरली.

एक जाता जाता. १८३३ चा भायखळा क्लब विसाव्या शतकात टिकला नाही. भोवती गिरण्या आल्या, चाळी आल्या, साहेब मलबार हिल आणि कुलाब्याकडे सरकला. ज्या भायखळ्यात नेटिव्हाला दार बंद होते त्याच भायखळ्याच्या चाळकऱ्यांनी १९३७ ला बाबासाहेबांना विधिमंडळात पाठवले.

स्वातंत्र्यानंतर क्लबांचे काय झाले? गोरा गेला, दार राहिले. घटनेच्या कलम १५(२) ने दुकाने, हॉटेले, करमणुकीची सार्वजनिक ठिकाणे सर्वांना खुली केली. संविधान सभेत 'दुकान' या शब्दाचा अर्थ बाबासाहेबांनी मुद्दाम व्यापक करून सांगितला होता, न्हाव्याचे आणि धोब्याचे दुकानही त्यात यावे म्हणून. पण खाजगी क्लब हा 'सार्वजनिक' नाही, सभासदांचा आहे, या एका वाक्याखाली जुनी व्यवस्था सुखरूप राहिली. १९८८ मध्ये चित्रकार हुसेन अनवाणी आहेत म्हणून विलिंग्डन क्लबाने त्यांना आत घेतले नाही. २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना धोतर नेसले म्हणून चेन्नईतल्या एका क्लबाने अडवले, तेव्हा तामिळनाडूला वेगळा कायदा करावा लागला. २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबात एका खासी स्त्रीला, तिचा पारंपरिक पोशाख मोलकरणीसारखा दिसतो म्हणून, जेवणाच्या टेबलावरून उठवले गेले. न्यायमूर्तींसाठी कायदा झाला. मोलकरणीसारखे दिसण्यात गुन्हा काय, हे मात्र कोणी विचारले नाही.

कोणत्याही क्लबाच्या नियमावलीत आज जात लिहिलेली नसते. लिहायची गरजही नाही. सुचवणारा सभासद लागतो, अनुमोदक लागतो, लाखांत फी लागते, वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी असते, आणि सभासदाच्या मुलांना वेगळी वाट असते. दिल्ली जिमखान्याचे प्रकरण तर न्यायाधिकरणापर्यंत गेले. सरकारी भाडेपट्ट्याच्या सत्तावीस एकरांवर बसलेली ही संस्था मोजक्या घराण्यांची वारसाहक्काची जागा झाली आहे असे खुद्द केंद्र सरकारने तिथे मांडले आणि २०२२ मध्ये कारभार सरकारनियुक्त संचालकांकडे गेला. सरकारचा हेतू काय असेल तो असो, वारसाहक्काचा मुद्दा खरा आहे. जन्मावरून सभासदत्व ही कल्पना आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

माझे म्हणणे जमिनीपुरते आहे. श्रीमंतांनी आपल्या पैशाने आपल्या जागेत बसून चहा प्यावा, आपल्याला काय त्याचे. पण मुंबई-पुण्यातले अनेक जुने जिमखाने सरकारी जमिनीवर आहेत, भाडेपट्ट्याने. कलम १५(२) मध्ये दुसरा भागही आहे: पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या सार्वजनिक वापराच्या जागा. बोले ठरावाचाच हा वारस. बाजारभावापेक्षा कितीतरी कमी भाड्याने दिलेली जमीन हा राज्याने दिलेला पैसा नाही तर काय आहे? आणि वस्तीतली पोरे रस्त्यावर, गाड्यांच्या मधे टेनिस बॉलने खेळतात त्याच शहरात हे चालते. १८८१ चा अर्जही याच प्रश्नाचा होता, मैदान कोणाचे.

विठ्ठल पालवणकरांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत लिहिले. मिळाले तर मिळवा, मंडळात एकत्र वाचा. आणि ज्यांना कागदाचे काम जमते त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या क्लबासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकावा. जमीन किती, कोणत्या वर्षी दिली, भाडेपट्टा कधी संपला किंवा संपतो, वार्षिक भाडे किती, आणि सार्वजनिक वापराची काही अट होती का. पाच ओळींचा अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प.

जय भीम.